कोअर टू ड्युओ डेस्कटॉप अन् ॲटमचं नेटबुक: अभ्यासिकेसाठी कोणती सिस्टीम टाकावी?

बालाघाटी

नमस्कार मंडळी. कळंब तालुक्यातल्या आमच्या गावात लोकवर्गणीतून अभ्यासिका चालू केलीय. पोलीस भरती, तलाठी, बँकेच्या परीक्षा करणारी पोरं-पोरी येतात. पुण्याला नोकरीत असलेल्या गावच्याच एकानं दोन जुन्या मशीनी दिल्यात.

डेस्कटॉप: कोअर टू ड्युओ ई७५००, जी३१ चिपसेटचा बोर्ड, २ जीबी डीडीआर२ रॅम, १६० जीबी हार्ड डिस्क, विंडोज ७.
नेटबुक: दहा इंची, ॲटम एन२६००, २ जीबी रॅम, विंडोज ७ स्टार्टर.

कामं साधीच. ऑनलाइन फॉर्म, जुन्या प्रश्नपत्रिकांच्या पीडीएफ, यूट्यूबवरची लेक्चरं, मराठी टायपिंग अन् प्रिंट. प्रिंटर कॅनन एलबीपी २९००, तोही दान आलेला.

अडचण अशी की विंडोज ७ वर क्रोम १०९ च्या पुढं जाईना गेलंय, अन् फॉर्मच्या साइटी म्हणतात ब्राउझर अपडेट करा. मग रूफस या पेनड्राइव्ह बनवायच्या सॉफ्टवेअरनं विंडोज ११ चा पेनड्राइव्ह केला, टीपीएम (सुरक्षेची चिप) अन् सिक्युअर बूटची अट काढायच्या खुणाही केल्या. तरी डेस्कटॉप लोगोपर्यंत येतो अन् रिस्टार्ट व्हायलाय. पुन्हा लोगो, पुन्हा रिस्टार्ट. दुसरं म्हणजे लाइट गेली की मशीनची तारीख थेट २००९ ला जाती. दोन्हीचा काही संबंध आहे का? अन् टाकावं तर काय टाकावं?

मांजराकाठ

पेनड्राइव्हमध्ये विंडोज ११ चं कोणतं व्हर्जन आहे? २४एच२ किंवा त्यापुढचं असेल तर आशा सोडा. तारखेचा याच्याशी संबंध नाही, ते वेगळं सांगतो.

बालाघाटी

हो, २४एच२ च आहे. पण सगळीकडं तर सांगतात की रूफसनं कुठल्याही मशीनवर ११ पडतं?

मांजराकाठ

कुठल्याही म्हणजे टीपीएम नसलेल्या कुठल्याही. टीपीएम, सिक्युअर बूट, ८ व्या पिढीचा प्रोसेसर या अटी इन्स्टॉलर दारात उभं राहून विचारतो. गेटवरच्या वॉचमनला चुकवून आत शिरता येतं, रूफस तेच करतं. पण २४एच२ पासून खुद्द विंडोजचा कर्नल, म्हणजे सिस्टीमचा गाभा, पॉपसीएनटी आणि एसएसई४.२ हे प्रोसेसरला द्यायचे हुकूम वापरतो. प्रोसेसरच्या सिलिकॉनमध्ये ते हुकूम असावेच लागतात. ई७५०० मध्ये एसएसई४.१ पर्यंतच आहे. ४.२ आलं ते नेहालेम म्हणजे पहिल्या पिढीच्या कोअर आय७ पासून, २००८ च्या शेवटी. तुमचा प्रोसेसर विकायला आला त्यानंतर, पण आतली रचना आधीची. त्यामुळं मशीन लोगोवर येऊन त्या हुकमाला अडखळतं आणि परत सुरू होतं. यावर विंडोजच्या सेटिंगमधली कुठलीच युक्ती चालत नाही.

कुणी म्हणेल जुनं २३एच२ टाका. ते कदाचित बसेल, पण होम आणि प्रोसाठी त्याचे अपडेट ११ नोव्हेंबर २०२५ ला थांबले. विंडोज १० चे १४ ऑक्टोबर २०२५ ला. अभ्यासिकेत पोरं स्वतःचे पासवर्ड टाकणार, आधारचे नंबर टाकणार. तिथं अपडेट बंद झालेली सिस्टीम इंटरनेटला लावू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

जालनेकर_भौ

भौ, एवढा कुटाणा काऊन करायलात? दोन्ही मशीनी भंगारात द्या अन् चौथ्या पिढीचा आय५ वापरलेला घ्या. ऑफिसांतून निघालेले ढिगानं मिळतात. कोअर टू ड्युओ वीज खातो, मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत ४२ डिग्रीला हिटर होतो, वरून धुरळा. जुन्या मशीनीवर रात्री जागवणाऱ्यांचा हिशेब कुणी धरत नाही.

बालाघाटी

भौ, बरोबर आहे तुमचं. पण वर्गणीतनं आत्ताच पत्रे अन् खुर्च्या झाल्या. पुढचे पैसे सोयाबीन विकल्यावर. तवर हेच चालवायचंय.

मांजराकाठ

जालनेकरांचं म्हणणं चूक नाही, पुढच्या वर्गणीत तेच करा. पण चौथ्या पिढीचा आय५ सुद्धा विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाही, हे घेताना दुकानदार सांगणार नाही. तो २४एच२ चालवू शकतो, कारण हुकूम आहेत. पण अटी चुकवूनच. म्हणजे तिथंही एक दिवस विंडोज सोडून लिनक्स या फुकट सिस्टीमचाच विचार करावा लागेल.

तुमच्या डेस्कटॉपला लिनक्स चांगलं चालेल. ई७५०० हा ६४ बिटचा प्रोसेसर आहे, जी३१ चं इंटेल ग्राफिक कर्नलमध्येच आहे, वेगळा ड्रायव्हर शोधायचा नाही. लिनक्स मिंट २२ ची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती टाका. २०२९ पर्यंत अपडेट आहेत आणि विंडोजवरून येणाऱ्या पोरांना खाली डाव्या कोपऱ्यातला मेनू ओळखीचा वाटतो. डेबियन १३ सुद्धा चालेल, मी स्वतः तेच वापरतो, पण पहिल्यांदा मिंट बरं.

आणि लिनक्स म्हटलं की सगळं जुनं चालतंच, असंही धरून चालू नका. रेड हॅट ९ आणि त्यावरून बनलेले अल्मासारखे लिनक्सचे प्रकार एक्स८६-६४-व्ही२ ही प्रोसेसरची किमान पातळी मागतात. त्यात नेमके हेच पॉपसीएनटी आणि एसएसई४.२ येतात. तिथंही तुमचं मशीन दारातच थांबेल.

आता महत्त्वाचं. हार्ड डिस्क पुसायच्या आधी पेनड्राइव्हवरून लाइव्ह चालवा. मिंट इन्स्टॉल न करता चालतं. त्यात अर्धा दिवस बसा. आवाज येतोय का, नेट लागतंय का, प्रिंटर दिसतोय का, व्हिडिओ अडकतोय का, सगळं तिथंच कळतं. जे लाइव्हमध्ये चालत नाही ते इन्स्टॉल केल्यावर आपोआप चालू होत नाही. आमच्याकडं लोक आधी फॉरमॅट मारतात आणि मग विचारतात की वायफाय कुठं गेलं.

टंकनताई

उदगीरला माझा टायपिंगचा क्लास आहे. तारखेचं मी सांगते दादा, ते फार सोपं आहे. मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्याएवढा सेल असतो, सीआर२०३२. तो संपलाय. घड्याळवाल्याकडं, किराणा दुकानात, कुठंही मिळतो. मशीनची पिन काढायची, नुसतं बटण बंद करून भागत नाही. सेलच्या बाजूला पत्र्याची बारीक चिमटी असते, ती स्क्रूड्रायव्हरच्या टोकानं बाहेर ढकलली की सेल स्वतःच उडी मारतो. नवा बसवताना अधिकची खूण वर. मग चालू केल्यावर काळ्या पडद्यावर चेकसम एररची ओळ येईल, घाबरू नका. एफ१ दाबून आत जायचं, तारीख-वेळ घालायची आणि सेव्ह करून बाहेर यायचं.

हे नाही केलं तर लिनक्स टाकूनही साइटी उघडणार नाहीत. तारीख २००९ ची असली की ब्राउझरला प्रत्येक साइटचं सर्टिफिकेट अजून सुरूच न झालेलं दिसतं आणि तो «कनेक्शन सुरक्षित नाही» म्हणून अडवतो. माझ्या क्लासमध्ये लोक व्हायरस समजून फॉरमॅट करून आणतात, आणि दुखणं सेलचं असतं.

बालाघाटी

ताई, लई उपकार. सेल आणतो.

बिंदुसरा

पेनड्राइव्हवरून बूट करताना एक ध्यानात घ्या. त्या काळच्या बायोसमध्ये बूटच्या यादीत यूएसबी असं वेगळं दिसत नाही कधीकधी. पेनड्राइव्ह हार्ड डिस्कच्या पोटात लपलेला असतो. हार्ड डिस्क प्रायॉरिटीची ओळ उघडून त्यात पेनड्राइव्ह वर न्यायचा. अन् मशीन चालू करायच्या आधी पेनड्राइव्ह लावायचा, मागच्या पोर्टला. पुढचे पोर्ट बहुतेक मशीनींत ढिले झालेले असतात. रूफसमध्ये एमबीआर ही जुनी पद्धत निवडा, जीपीटी नको, तुमच्या बोर्डाला यूईएफआय म्हणजे नव्या पद्धतीचं बायोस नाही.

रॅम वाढवायची असेल तर जी३१ ला जास्तीत जास्त ४ जीबी. २ जीबीच्या दोन काड्या. घेताना दुकानदाराला विचारा की इंटेल बोर्डाला चालती का. डीडीआर२ मध्ये फक्त एएमडीला चालणाऱ्या स्वस्त काड्या येतात, त्या तुमच्याकडं बीपशिवाय काही करणार नाहीत.

आरडीवाला

सेवा केंद्र चालवतो म्हणून सांगतो. अंगठ्याचं यंत्र लावायचा विचार असेल तर आताच सोडा. माझ्याकडच्या यंत्राची आरडी सर्व्हिस, म्हणजे अंगठा तपासायला लागणारं सॉफ्टवेअर, विंडोजचीच आहे. फॉर्म भरणं, हॉल तिकीट, निकाल यासाठी लिनक्स ठीक. बायोमेट्रिक लागतं तिथं माझं एक विंडोजचं मशीन वेगळं ठेवलंय.

बालाघाटी

अंगठा नाही लागणार, सेवा केंद्र गावात आहेच.

आता नेटबुकचं बोला. मांजराकाठ दादा, लाइव्ह चालवा म्हणालात म्हणून त्यावर पण मिंटचा पेनड्राइव्ह लावून बघितला. काळ्या पडद्यावर ओळ येती की कर्नलला एक्स८६-६४ प्रोसेसर पाहिजे, पण आय६८६ सापडला. नेटवर तर एन२६०० ला ६४ बिट म्हणून लिहिलंय.

मांजराकाठ

हे नेटबुक म्हणजे या धाग्यातला खरा वैताग आहे. एन२६०० चिप ६४ बिटची आहे हे खरंय. पण त्या पिढीच्या बऱ्याच नेटबुकांत बनवणाऱ्यानं बायोसमधूनच ६४ बिट बंद ठेवलेलं असतं. बायोसच्या मेनूत त्याचं बटणही नसतं. म्हणजे तुमच्यासाठी ते ३२ बिटचं मशीन.

दुसरं दुखणं ग्राफिकचं. इंटेलच्या नावाखाली जीएमए ३६०० लिहिलंय, पण आतला गाभा इंटेलचा नाही, पॉवरव्हीआरचा आहे. त्यामुळं जी३१ ला जो इंटेल ड्रायव्हर आपोआप लागतो तो इथं लागत नाही. कर्नलमध्ये जीएमए५०० नावाचा ड्रायव्हर आहे. तो पडदा १०२४ बाय ६०० ला नीट दाखवतो, बास. थ्रीडी नाही, व्हिडिओला मदत नाही, सगळा भार त्या बिचाऱ्या ॲटमवर. क्रोम ओएस फ्लेक्स टाका असं कुणी सुचवेल म्हणून आधीच सांगतो: गुगलनं स्वतः जीएमए ५००, ६००, ३६०० आणि ३६५० ही ग्राफिक नावं घेऊन «चालणार नाही»च्या यादीत टाकलीत. शिवाय त्याला ४ जीबी रॅम लागते.

३२ बिटमध्ये आता पर्याय आटत चाललेत. डेबियन १३ ऑगस्ट २०२५ मध्ये आलं, त्याला ३२ बिटचा इन्स्टॉलरच नाही. डेबियन १२ ला आहे आणि त्याला जून २०२८ पर्यंत एलटीएसचे म्हणजे लांब मुदतीचे अपडेट मिळतील. अँटीएक्स सुद्धा ३२ बिटचं मिळतं, ते आणखी हलकं. ब्राउझरची गोष्ट त्याहून वाईट. क्रोमनं ३२ बिट लिनक्स २०१६ लाच सोडलं. फायरफॉक्सनं १४४ नंतर सोडलं, मागं राहिली ती लांब मुदतीची ईएसआर १४०.

म्हणून नेटबुकवर यूट्यूबचा नाद करू नका. पीडीएफ वाचणं आणि टायपिंगचा सराव एवढ्यासाठी ठेवा, उत्तम चालेल.

जालनेकर_भौ

मी भंगार म्हणालो तवा सगळे मह्या अंगावर आले 😄

मांजराकाठ

नेटबुकच्या बाबतीत अंगावर आलो नव्हतो भौ, निवांत वाचा.

बालाघाटी

अपडेट देतो.

सेल बदलला, तारीख आता जागेवर राहती. ताईंनी सांगितली तशीच चेकसमची ओळ आली. केबिनेट उघडलंच होतं तर फॅनखालचा धुरळा ब्लोअरनं काढला. प्रोसेसरवरची पेस्ट वाळून खडूसारखी झाली होती, ती पुसून नवी लावली. रॅम ४ जीबी केली, लातूरला गंजगोलाईकडं गेलेल्या मित्रानं जुनी काडी आणली, इंटेलला चालणारी. डेस्कटॉपवर मिंट एक्सएफसीई लाइव्ह चालवलं, आवाज अन् पडदा पहिल्याच झटक्यात.

वायफाय नाही. सोबत मिळालेला छोटा यूएसबी डोंगल लावला तर दिवा लागतो, पण नेटवर्क दिसेना गेलेत. डब्यावर पेंग्विनचं चित्र आहे, लिनक्स सपोर्ट म्हणून!

बिंदुसरा

त्या पेंग्विनवर जाऊ नका. डोंगलच्या डब्यावरचं नाव एकच राहतं अन् आतली चिप दरवर्षी बदलती. टर्मिनलमध्ये एलएसयूएसबी चालवा अन् आठ अंकी-अक्षरी आयडीची ओळ इथं टाका, म्हणजे चिप कळंल. तवर फोन यूएसबी वायरीनं लावा अन् फोनच्या सेटिंगमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करा. लिनक्सला तो वायरचं नेट म्हणून दिसतो, ड्रायव्हर लागत नाही. जुन्या ब्रॉडकॉम वायफायवाल्या लॅपटॉपला पण हीच युक्ती. तिथं वायफाय चालू करायला फर्मवेअर लागतं अन् ते फर्मवेअर उतरवायला नेट लागतं. अडकून बसणारे निम्मे लोक इथंच अडकतात.

बालाघाटी

टेदरिंग लावलं, लगेच नेट आलं! मग ड्रायव्हर मॅनेजर, अपडेट सगळं झालं. डोंगलच्या नादाला आता लागत नाही. राउटर शेजारच्याच खोलीत आहे, भिंतीतनं लॅन केबल ओढून घेतो.

मांजराकाठ

हे सर्वांत शहाणपणाचं. डेस्कटॉप जागचा हलणार नाही, त्याला वायफाय हवंच कशाला. ड्रायव्हर कंपाइल करत बसलात तर पुढच्या कर्नल अपडेटला परत तेच, आणि तोवर तुम्ही शेतात असाल. पोरांना कोण सांगणार?

यूट्यूबसाठी ब्राउझरमध्ये एच२६४इफाय (h264ify) नावाचं एक्सटेन्शन टाका. यूट्यूब हल्ली व्हीपी९ किंवा एव्ही१ या नव्या फॉरमॅटमध्ये व्हिडिओ पाठवतं, ते उलगडायला कोअर टू ड्युओला घाम फुटतो. जुन्या एच२६४ मध्ये मागितलं तर ४८०पी निवांत चालतं. फळ्यावरचं गणित दिसायला तेवढं पुरे.

टंकनताई

आता प्रिंटर आणि टायपिंग.

एलबीपी २९०० कंपनीच्या स्वतःच्या कॅप्ट भाषेत बोलतो, पीसीएल किंवा पोस्टस्क्रिप्ट त्याला कळत नाही. म्हणून मिंट त्याचं नाव दाखवेल, पण पान बाहेर येणार नाही. कंपनीचा जुना लिनक्स ड्रायव्हर आहे, त्याच्यासाठी ३२ बिटच्या लायब्ररी घालाव्या लागतात. लोकांनी बनवलेला कॅप्टड्रायव्हर म्हणून दुसरा आहे, तो याच मॉडेलसाठी आहे. माझ्या क्लासमध्ये तोच आहे, मजकुराची पानं व्यवस्थित येतात, फोटो असलेलं हॉल तिकीट जरा काळपट येतं.

हे जमत नसेल तर डेस्कटॉपवर विंडोज ७ पुसू नका. डिस्कचे दोन भाग करून शेजारी मिंट टाका. विंडोज ७ चं नेट कायमचं बंद ठेवा आणि ते फक्त प्रिंटसाठी. मिंटमध्ये पीडीएफ सेव्ह करायची, विंडोजमध्ये जाऊन छापायची. कटकट आहे, पण चालते.

टायपिंगचं सांगायचं तर इन्स्क्रिप्ट मिंटमध्ये आहेच, कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मांडणी जोडायची. रेमिंग्टनच्या सवयीची मुलं असतील तर आयबस या टायपिंगच्या सोयीला एम१७एन हा मांडण्यांचा संच जोडा. पण जुन्या फॉन्टांत टाइप केलेल्या फायली, म्हणजे युनिकोडच्या आधीच्या, मिंटमध्ये उघडल्या तर इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसेल. फाइल बिघडलेली नसते. तो फॉन्टच मराठी अक्षरांचं चित्र इंग्रजी अक्षराच्या जागी ठेवतो. अशा फायली असतील तर विंडोज ७ जिवंत आहे तोवरच त्या युनिकोडमध्ये बदलून घ्या.

बालाघाटी

ताई, दोन्ही शेजारी-शेजारी टाकलं. १६० जीबीतलं ५० विंडोजला ठेवलं. कॅप्टड्रायव्हर गावातल्या इंजिनिअरिंगच्या पोरानं बसवून दिला, पान यायलंय. म्हणजे विंडोज ७ आता फक्त जुन्या फायलींपुरतं. वाचनालयाचे जुने इतिवृत्त अन् वर्गणीच्या याद्या त्या फॉन्टांत आहेत, ते पोरींनी बदलायला घेतलंय.

नेटबुकवर अँटीएक्सचा ३२ बिटचा लाइव्ह पेनड्राइव्ह करून बघितला. पडदा आला. इन्स्टॉल करताना मात्र खिडकी एवढी उंच की «पुढे»चं बटण पडद्याच्या खाली गेलंय, दिसतच नाही.

बिंदुसरा

६०० ची उंची म्हटल्यावर तेच होणार. ऑल्ट दाबून धरा, खिडकीत कुठंही माउसनं पकडा अन् वर ओढा. खिडकीचं डोकं पडद्याच्या वर जाईल अन् बटण खालून वर येईल. नसता डेबियन १२ चा साधा मजकुराचा इन्स्टॉलर घ्या, त्याला उंचीचं काही पडलेलं नसतं.

बालाघाटी

ऑल्टची युक्ती चालली. आता त्यावर अँटीएक्स आहे. पीडीएफ उघडायला जरा वेळ घेतंय, पण उघडली की पानं पटपट उलटतात. बॅटरी मेलेलीच आहे, चार्जर काढला की बंद.

मांजराकाठ

मग त्याला छोटा यूपीएस लावा, किंवा डेस्कटॉपच्याच यूपीएसवर घ्या. लाइट सारखी जाणाऱ्या ठिकाणी लिहिता-लिहिता वीज गेली की फाइल सिस्टीमला मार बसतो. लिनक्सची एक्स्ट४ फाइल सिस्टीम सावरून घेते, पण रोज-रोज त्याची परीक्षा कशाला. आणि हार्ड डिस्क त्या वयाची आहे. सोयाबीनचे पैसे आले की पहिली खरेदी १२० जीबीचा साटा एसएसडी. जी३१ च्या पोर्टवर तो पूर्ण वेगानं धावणार नाही, तरी फरक जाणवेल. उद्या आय५ घेतलात तर काढून त्यात लावता येईल.

जालनेकर_भौ

हे मान्य. एसएसडी वाया जात नाही. आय५ बघायचा असंल तर मला सांगा, घेताना सोबत लाइव्ह पेनड्राइव्ह घेऊन जा अन् दुकानातच बूट करून बघा. दुकानदार कुरकुरला तर दुसरं दुकान.

औंढ्याचा_पाहुणा

मंडळी, मह्या जुन्या टॉवरमध्ये जीफोर्स ८४०० जीएस आहे. मिंट टाकल्यावर पडदाच काळा. काय करू?

बिंदुसरा

बूटच्या मेनूत ई दाबा, लिनक्सनं सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी नोमोडसेट लिहा अन् एफ१०. आत शिरता येईल. त्या कार्डाचा कंपनीचा ड्रायव्हर ३४० मालिकेचा, तो कधीच थांबलाय, त्याच्या मागं लागू नका. पडदा आला की नूव्हो हा लिनक्समधलाच खुला ड्रायव्हर लागतोय का ते बघू.

चावडी_व्यवस्थापन

पाहुणे, ग्राफिक कार्डासाठी नवा धागा काढा, इथं बालाघाटी यांचं काम झालेलं आहे. धाग्यात एलएसपीसीआयची व्हीजीएची ओळ, मिंटचं व्हर्जन आणि नोमोडसेटनंतर काय दिसलं ते टाका. पडद्याचा फोटो काढताना फ्लॅश बंद ठेवा, मागच्या वेळी नुसता पांढरा गोळा आला होता.